टाकीचं झाकण कुठं आहे?

आषाढात चार दिवस झड लागली की वर्ध्यात मैला उपसणाऱ्या टँकरवाल्यांचे फोन खणखणू लागतात. संडासात बादलीभर पाणी ओतलं तर ते खाली जायच्याऐवजी वर चढतं, नहाणीच्या जाळीतून बुडबुडे निघतात आणि घरातली मंडळी नाकाला पदर-रुमाल लावून गाडीची वाट पाहत उभी असतात. गाडी येते. पोऱ्या खांद्यावर पाइपाचं वेटोळं घेऊन फाटकातून आत शिरतो आणि विचारतो, "झाकन कुठं हाय जी?" इथं घर गप्प होतं. काका म्हणतात, पोर्चखाली. काकू म्हणतात, तुळशीजवळ होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. थोरल्याला वाटतं, स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा ते आतच गेलं असावं. मग सब्बल येते आणि दोन वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेल्या टाइल्स फुटायला लागतात.

याच घराला विजेचं मीटर, पाण्याचा व्हॉल्व्ह, इन्व्हर्टरची बॅटरी कुठं आहे ते पाठ असतं. जमिनीखालून जाणारं तेवढं ठाऊक नसतं, कारण ते चालू असेतोवर त्याची आठवण यायचं काही कारण पडत नाही. शिवाय बहुतेक घरांत ते मुद्दाम झाकलेलं असतं. वास्तुशांतीच्या आधी पोर्च चांगला दिसावा म्हणून चेंबरची झाकणं खाली दाबून वरून सलग फरशी ओढायची, ही आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. मला विचाराल तर घर बांधणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं स्वतःचं करून घेतलेलं यापरतं नुकसान नाही.

कागदावर काही सापडतं का? मंजूर नकाशात घराच्या मागच्या कोपऱ्यात एक आयत आणि त्याशेजारी एक गोल काढलेला असतो. आयत म्हणजे सेप्टिक टँक, गोल म्हणजे शोषखड्डा. नकाशा जरूर काढून बघावा, पण त्याच्या भरवशावर सब्बल उचलू नये. तो परवानगीसाठी काढलेला असतो. टाकी खोदायच्या दिवशी मिस्त्रीला जिथं जागा मोकळी दिसली, जिथं दगड आडवा आला नाही, तिथं ती झाली. वर्धा शहर १८६६मध्ये पालकवाडीच्या जागेवर आखून वसवलं गेलं, त्यामुळे जुन्या भागातले रस्ते तरी सरळ आहेत. पण आजचं वर्धा त्याच्या कितीतरी पट बाहेर पसरलं आहे. सिंदी, बोरगाव, पिपरी, सावंगी, उमरी ही नावापुढं 'मेघे' लावणारी गावं, शिवाय नालवाडी, म्हसाळा, साटोडा. कापसाच्या वावरांचे लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, घरं आधी उभी राहिली आणि नाल्या मागून आल्या. अशा वस्तीत घराच्या सांडपाण्याचा खरा नकाशा कागदावर नसतोच. तो घराच्या भिंतींवरून आणि अंगणातल्या मातीवरून वाचावा लागतो.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घरातून दोन प्रकारचं पाणी निघतं आणि आपल्या भागात ते सहसा दोन वाटांनी जातं. आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी नहाणी ट्रॅपमधून बाहेर पडतं, भिंतीलगतच्या एका लहान, साधारण फूटभर चौरस चेंबरमध्ये पडतं आणि तिथून रस्त्याकडेच्या नालीत जातं. या लहान चेंबरात वाकडा ट्रॅप बसवलेला असतो आणि त्यात नेहमी थोडं पाणी उभं असतं. ते पाणीच नालीतला वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. पाहुण्यांची खोली महिनोन् महिने बंद राहिली की ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि खोली उघडताच भपकारा येतो, तो यामुळेच. दुसरी वाट संडासाची. ती चार इंची पाइपानं एका मोठ्या चेंबरमधून टाकीत जाते. टाकीत गाळ खाली बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी पलीकडच्या तोंडानं बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं. वर्ध्यात असंख्य घरांत ते सरळ उघड्या नालीत सोडलेलं आहे.

हे चूकच आहे, पण शोध घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. फाटकाबाहेर नालीच्या कडेला उकिडवे बसा आणि आपल्या प्लॉटच्या रुंदीत नालीच्या भिंतीला किती भोकं आहेत ती मोजा. बहुधा दोन किंवा तीन सापडतील. एकाखाली साबणाचा पांढुरका थर असतो, तिथून नहाणीचं पाणी येतं. एकाखाली काळी, बुळबुळीत जीभ उतरलेली असते आणि कुणी आंघोळ करत नसतानाही तिथून बारीक धार चालू असते. ते टाकीचं बाहेरचं तोंड. आता घराच्या बाहेरच्या भिंतीवर संडासाचा पाइप कुठं खाली उतरतो ते बघा. वरच्या मजल्यावर संडास असेल तर हा उभा पाइप लपूच शकत नाही. नालीतलं काळं भोक हे एक टोक, भिंतीवरचा पाइप हे दुसरं. टाकी या दोहोंच्या मधे कुठंतरी आहे. अर्धी शोधाशोध एवढ्यावर संपते.

पुढचं काम उतार करतो. मैल्याच्या पाइपाला उतार कमी पडला तर घाण मागे राहते आणि फार झाला तर पाणी पुढं पळून जातं, घट्ट ते मागेच बसतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे: चार इंची पाइपाला चाळिसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. म्हणजे चार इंची पाइप ४० फूट लांब गेला तर तो १ फूट खाली उतरलेला असायला हवा. संडासाबाहेरच्या पहिल्या चेंबरमध्ये पाइपाचा तळ जमिनीपासून सव्वा फुटावर असेल आणि टाकी तिथून २० फुटांवर असेल, तर टाकीच्या तोंडाशी तो पावणेदोन फुटांवर भेटेल. सब्बल किती खोल घालायची आणि पाइप कुठं फुटू शकतो, याचा अंदाज असा आधीच बांधता येतो. शिवाय पाइपाला वळण द्यायचं असेल, दोन पाइप जोडायचे असतील किंवा उतार बदलायचा असेल तर तिथं चेंबर बांधायचं, हा बांधकामाचा नियम. म्हणून संडास आणि टाकी एका सरळ रेषेत नसतील तर मधल्या कोपऱ्यावर एक चेंबर असणारच. निदान असायला हवं. मिस्त्रीनं पैसे वाचवायला तिथं नुसता कोपऱ्याचा बेंड घातला असेल तर तुंबारा नेमका तिथंच होतो आणि मग तिथं झाकण शोधणं हा वेळेचा अपव्यय ठरतो.

टाकी केवढी असते? सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्यानुसार पाच माणसांच्या कुटुंबाला साधारण ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली सव्वातीन-साडेतीन फूट एवढी टाकी पुरते. कितीही लहान केली तरी तिच्यात हजार लिटर पाणी मावलं पाहिजे. आपल्याकडचे मिस्त्री याहून बरीच मोठी टाकी बांधतात, कारण मालकाला वाटतं, मोठी बांधली की जन्मात उपसायला नको. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असते आणि पाणी लांबीच्या दिशेनं वाहतं. म्हणून एक झाकण सापडलं की दुसरं त्याच रेषेत, चार-सहा फूट पुढं शोधावं. पहिलं झाकण आत येणाऱ्या पाइपाजवळ, दुसरं बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ. टाकी दोन खणांची असेल तर गाळ मुख्यतः पहिल्या खणात साचतो, तेव्हा टँकरचा पाइप तिथंच गेला पाहिजे. एकच झाकण उघडून, सोपं पडलं म्हणून दुसऱ्या खणातलं पाणी उपसून पैसे घेऊन जाणारे महाभागही असतात.

आता माती. वर्धा जिल्हा काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, आणि त्यावर पसरलेल्या काळ्या कापसाच्या जमिनीचा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हानं आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. श्रावणात त्या मिटतात आणि वर जे काही ठेवलं असेल ते उचलतात. पाइप मुरुमाच्या थरावर न टाकता थेट काळ्या मातीत टाकला असेल तर काही वर्षांत त्याला मधेच पोट येतं आणि त्या पोटात गाळ बसतो. जुन्या भाजक्या मातीच्या पाइपांचे सांधे सुटतात आणि पिंपळ-उंबराची मुळं त्यातून आत शिरतात. कंपाउंडच्या भिंतीत उगवलेला पिंपळ दर वर्षी छाटूनही भराभर वाढत असेल तर त्याला पाणी कुठून मिळतंय याचा विचार करावा.

पण हीच माती टाकीचा पत्ताही सांगते. मे महिन्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात, मोकळ्या अंगणातल्या भेगा बघा. काळ्या मातीच्या भेगा एरवी वेड्यावाकड्या, पाच-सहा कोनांच्या जाळ्यासारख्या पडतात. त्यात एखादी भेग रेघ ओढल्यासारखी सरळ जाऊन काटकोनात वळली, तर खाली टाकीची भिंत आहे असं समजायला हरकत नाही. भिंत आकसत नाही, माती आकसते, आणि ती नेमकी भिंतीलगत सुटते. पहिल्या पावसानंतर दुसरी खूण दिसते. पाइपासाठी खणलेला चर बुजवताना माती कधीच पहिल्यासारखी दाबली जात नाही. ती बसते आणि घरापासून फाटकाकडे जाणारी एक हातभर रुंद, किंचित खोलगट पट्टी तयार होते. तिच्यात पाणी साचतं. केळी, कर्दळ, अळू यांचं एखादं बेट बाकी परसाबाग सुकली तरी तरारून असेल तर खाली ओल आहे. संध्याकाळी फरशीच्या कुठल्या फटीतून झुरळं वर येतात त्यावर नजर ठेवा. चेंबर बहुधा तिथंच असतं. आणि कंपाउंडलगत एखादा एकटाच, कशालाही न जोडलेला पाइप छपराच्या वर गेलेला असेल तर तो टाकीतला वायू बाहेर काढणारा व्हेंट पाइप. टाकी त्याच्या पायाशीच असते. त्याच्या तोंडाला जाळी नसेल तर आधी ती बांधून घ्या, कारण क्युलेक्स डासांना अंडी घालायला सेप्टिक टँकसारखी आवडती जागा नाही. आरोग्य खात्याची माणसं हे सांगत घरोघर फिरतात आणि आपण मान डोलावून विसरून जातो.

शोषखड्ड्याची गोष्टही मातीशीच बांधलेली. काळी माती एकदा भिजली की पाणी जिरवून घ्यायचं थांबवते. खड्डा तिच्याखालच्या मुरुमापर्यंत गेला असेल तरच तो काम करतो. नुसत्या काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात उलट जमिनीतलं पाणी आत घेतो, टाकीत पाणी मागं सरकतं आणि संडास भरून येतो. अशा वेळी टाकी उपसून फारसा फायदा नसतो. चार दिवसांत ती पुन्हा भरते. रेडिमेड प्लॅस्टिकची टाकी असेल तर धोका आणखी वेगळा आहे: भिजलेल्या जमिनीत रिकामी केलेली हलकी टाकी पाण्याच्या दाबानं वर उचलली जाऊ शकते आणि पाइपांचे सांधे तोडते. उपसायचं काम वैशाखात, माती कोरडी असताना करावं. झाकण शोधायचं कामही तेव्हाच.

खुणांवरून जागा ठरली की खात्री करून घ्यायच्या दोन साध्या युक्त्या आहेत. सब्बलीच्या बोथट टोकानं किंवा जाड काठीनं फरशी ठोकत चला. भरीव जमिनीवर आवाज बद्द येतो, टाकीच्या स्लॅबवर पोकळ. टाइल्सवर मात्र फसगत होते, कारण खाली मसाला नीट न भरलेली टाइलही पोकळ वाजते. दुसरी युक्ती निळीची. एका बादलीत चांगली गडद नीळ कालवायची, एकानं ती एका ठिकाणी ओतायची आणि दुसऱ्यानं चेंबरपाशी किंवा नालीपाशी घड्याळ धरून उभं राहायचं. आधी वरच्या मजल्याची मोरी, मग खालची नहाणी, मग कपड्यांचं मशीन. दर वेळी आधीचं निळं पाणी वाहून गेलं की मगच पुढची बादली. कुठलं पाणी कुठल्या वाटेनं जातं ते तासाभरात समजतं. संडासातली नीळ मात्र लगेच नालीत दिसणार नाही. टाकीत मुरलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो आणि रंग विरून जातो. ती लगेच दिसली तर तुमच्या घरी टाकी नाही किंवा ती गाळानं शिगोशीग भरली आहे. नीळ उघड्या चेंबरमधे आलीच नाही तर ती दुसऱ्या वाटेनं गेली किंवा मधेच अडली. अशा वेळी प्लंबरची कामटी किंवा लोखंडी स्प्रिंग आत सारायची आणि अडली की बाहेर ओढून तिची लांबी टेपानं मोजायची. २२ फुटांवर अडली असेल तर त्या दिशेला २२ फुटांवर काहीतरी आहे: वळण, टाकी, नाहीतर तुंबारा. मोठ्या शहरांत पाइपात कॅमेरा सोडून दाखवणारे लोक मिळतात. अमेरिकेत तर पुष्कळ घरांत बाहेरच्या भिंतीपाशी पाइपाचं बूच लावलेलं तोंडच ठेवलेलं असतं, ते उघडलं की स्प्रिंग सरळ आत. आपल्याकडे टेप, नीळ आणि कामटीवर काम भागतं.

वर्ध्याच्या जुन्या वस्तीतल्या घरांत आणखी एक खूण सापडू शकते. मागच्या भिंतीत जमिनीलगत, विटांनी बुजवलेली एक बुटकी खिडकी. तिच्या मागे अरुंद गल्ली. टोपलीच्या संडासांच्या काळात ती खिडकी बाहेरून उघडायची, सफाई करणारं माणूस डबा ओढून न्यायचं आणि परत ठेवायचं. घरातल्यांना त्याचं तोंडही दिसू नये अशी ती रचना होती. पुढं फ्लशचे संडास आले तेव्हा बहुतेकांनी संडासाची जागा तीच ठेवली आणि टाकी त्याच्याच आसपास खणली. म्हणून अशा घरात शोध त्या बुजवलेल्या खिडकीपासून सुरू करावा.

मैला कुठं जातो हे घरानं जाणून घ्यायचं नाही, ते दुसऱ्या कुणाचं काम, ही समजूत याच खिडकीनं पक्की केली. तिच्याविरुद्ध देशातला एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. १९३५मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते तेव्हा मीराबेन आणि इतर कार्यकर्ते सकाळी बादल्या-फावडी घेऊन शेजारच्या सिंदी गावात जात आणि रस्त्याकडेची घाण उचलत. ३० एप्रिल १९३६ला गांधीजी शेगावला गेले. पुढं त्याचंच सेवाग्राम झालं. तिथं संडाससफाई हे आश्रमवासीयांचं रोजचं काम होतं. मैला फार खोल पुरू नये, नऊ ते बारा इंचांच्या उथळ चरात टाकून वर माती लोटावी, वरच्या थरातले जिवाणू त्याचं खत करतात, असं डॉ. पूर या इंग्रज आरोग्यतज्ज्ञाचा हवाला देऊन गांधीजी सांगत. विनोबा पवनारहून खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला सफाईला जात. तिकडे कोकणात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पा पटवर्धनांनी मैल्याला हात न लावता त्याचं खत करता येईल असा संडास बसवला आणि गोपुरी संडास हे नाव महाराष्ट्रभर गेलं. या सगळ्यांना मैला कुठं जातो, किती खोल जातो आणि त्याचं काय होतं, हे इंचात माहीत होतं. त्याच वर्ध्यात आज टाकीचं झाकण कुणाला माहीत नसावं, याला काय म्हणावं?

हे अज्ञान कधीकधी जिवावर बेततं. झाकण न सापडल्यानं स्लॅब फोडून भगदाड पाडलं जातं आणि पाइप नीट बसत नाही म्हणून कुणाला तरी आत उतरवलं जातं. टाकीत प्राणवायू नसतो, मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो; वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस आत उतरतो आणि पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३च्या कायद्यानं संरक्षणाची साधनं न देता कुणालाही सेप्टिक टँकमध्ये वा गटारात सफाईसाठी उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा नगरपरिषदेला जसा लागू आहे तसा घरमालकालाही. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३मध्ये ती ३० लाख केली. तेव्हा शोधताना झाकण उघडलं तर ते बराच वेळ उघडं ठेवा, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, आत डोकं घालू नका आणि बघायला काडी तर मुळीच पेटवू नका. जुन्या दगडी फाडीच्या झाकणावर उभं राहू नये. बॅटरीचा झोत आणि लांब काठी, एवढंच पुरे.

भावाभावांच्या वाटण्यांत या झाकणांची जी गत होते ती वेगळीच. घर दोघांत वाटलं जातं, अंगणाच्या मधोमध भिंत येते, विहिरीचा हक्क, जिन्याचा हक्क, आंब्याच्या झाडाचा हक्क वाटणीपत्रात लिहिला जातो. टाकी थोरल्याच्या हिश्शात आणि संडास दोघांचे, हे कुणी लिहीत नाही. पुढं धाकट्याचा संडास तुंबतो तेव्हा चेंबर भिंतीच्या बरोबर खाली निघतं. किंवा थोरल्यानं टाकीवर दुकानाचा गाळा काढलेला असतो. इंग्लंडमध्येही शेजाऱ्याशेजाऱ्यांत सामायिक पाइपांवरून अशीच भांडणं होत. तिथं १ ऑक्टोबर २०११ला सार्वजनिक गटाराला जोडलेल्या अशा सामायिक वाहिन्या पाणी-कंपन्यांच्या ताब्यात देऊन सरकारनं प्रश्न मिटवला. आपल्याकडे वाटणीपत्रात एक ओळ वाढवली तरी पुष्कळ होईल: टाकी कुणाच्या जागेत, चेंबर कुठं, उपसायचा खर्च कसा आणि झाकणापर्यंत यायची वाट कुणाला.

खेड्यांत काम सोपं आहे, अर्थात संडास नियमाप्रमाणे बांधला असेल तर. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात भांड्यापासून थोड्या अंतरावर एक लहान वाय चेंबर असतं. त्यातून दोन पाइप दोन खड्ड्यांकडे जातात आणि एका वेळी एकाचं तोंड वीट लावून बंद असतं. एक भरला की वीट दुसरीकडे. पहिल्यातला मैला बंद राहून वर्ष-दीड वर्षात मातीसारखा होतो. हे वाय चेंबर अंगण सारवताना, कोबा करताना बुजतं आणि मग दुसरा खड्डा आहे हेच घर विसरतं. गावात एकच दहा फुटी मोठा टाका बांधायची जी हौस आहे ती याच विसरण्यातून वाढली.

शहरात आता तिसरं प्रकरण सुरू झालं आहे. २०१५ला सुरू झालेल्या अमृत अभियानातून वर्ध्यात भूमिगत गटारवाहिनीचं काम निघालं. गल्ल्या खोदल्या गेल्या तेव्हाची धूळ आणि चिखल लोक अजून विसरले नसतील. अशी वाहिनी दारात आली की संडासाचा पाइप टाकीतून न नेता सरळ घरजोडणीच्या चेंबरला जोडायचा असतो. तिथं जुन्या टाकीची जागा माहीत असणं आणखी गरजेचं होतं. ती उपसून, तळाला भोकं पाडून, मुरूम भरून बंद करायला हवी. नाहीतर वीस वर्षांनी कुणाची तरी मोटार पोर्चच्या फरशीसकट खाली जाईल. घरासमोर वाहिनी टाकताना जोडणीची जागा कुठं सोडली आहे ते काम चालू असतानाच बघून, फोटो काढून ठेवावं. वर डांबर पडल्यावर ते सापडत नाही.

आणि झाकण सापडलं की पुढं काय? दोन मापं घ्या. घराच्या एका पक्क्या कोपऱ्यापासून झाकणाच्या मध्यापर्यंत किती फूट, दुसऱ्या पक्क्या कोपऱ्यापासून किती. एकाच कोपऱ्यापासूनचं माप कुठल्याही दिशेला फिरतं, दोन मापं एका जागी येऊन मिळतात. कोपरा घराचाच धरा. फाटक, तुळस, झाड यांच्यापासून मोजू नका, ती हलतात, वठतात, पडतात. जमिनीपासून झाकण किती इंच खाली आहे आणि पाइपाचा तळ किती खाली, हेही लिहा. हे मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून, ऑइलपेंटनं लिहून ठेवलेलं मी काही घरांत पाहिलं आहे; ती पेटी निदान वर्षातून दोन-चारदा तरी उघडते. भाडेकरूला दाखवावं, घर विकताना गिऱ्हाइकाला दाखवावं. फोडलेली जागा पुन्हा बुजवताना मात्र सिमेंट-वाळूनं झाकण चिणून टाकू नका. कडेला चुन्याचा कमजोर मसाला भरा, तो वास अडवतो आणि पुढच्या वेळी छिन्नीच्या दोन टोल्यांत सुटतो. पोर्चची फरशी सलगच हवी असेल तर हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी चौकटीचं खोलगट झाकण मिळतं. त्याच्या खोलगट भागात तुमचीच टाइल बसते, दोन बाजूंना कड्या असतात आणि कडेनं फक्त एक बारीक चौकोनी रेघ दिसते.